शनिवारची इस्त्री

"माझं मलाच ओळखू येईना हो! आपण बापडे मोकळंढाकळं लिहितो, आणि शनिवारी कुणीतरी बाई येते, बटण दाबते, की सगळ्यांचं एकसारखं!"

मोखाड्याहून जव्हारला निघालेली जीप नेहमीसारखीच ठासून भरलेली. मागच्या बाकावर ही कुरकुर चालली होती ती समोरच्या म्हाताऱ्यापुढे, ज्याच्या मांडीवर कोंबड्यांची पाटी होती. कुरकुरणारा तरुण रुपीच्या खांद्याला खांदा लावून बसला होता. लावून म्हणजे... दुसरा इलाजच नव्हता.

"तुमच्या कोंबड्या कुणी एका रांगेत बसवल्या तर चालेल का, बाबा?"

"नाय बसायच्या त्या," म्हातारा म्हणाला.

"तेच म्हणतोय मी! ... ताई, जरा तिकडं सरकता का?"

"सरकते की," रुपी म्हणाली. "पण मी सरकवायला लागले की सगळं एकसारखंच होतं. चालेल ना?"

त्याला कळायला पुढचं वळण यावं लागलं. कळलं तेव्हा त्याचे कान लाल झाले, आणि जव्हार येईपर्यंत तो कोंबड्यांकडेच बघत बसला. रुपी खिडकीबाहेर बघत होती. हसू लपवायला खिडकी बरी असते.

तो हेमंत. जव्हारच्या गुरुजींचा मुलगा. आतापर्यंत ठाण्याच्या ऑफिसात होता, आता जव्हारला बदलून आला होता. आणि रुपी भोये पोशेऱ्याच्या पाड्यावरची. संगणकाचा कोर्स करून टेबलखुर्चीवर बसलेली तिच्या पाड्यातली पहिली मुलगी.

ही गोष्ट दोन हजार सातची. जिल्ह्याचं रेशन, शाळा, दवाखाने, सगळंच्या सगळं एका भल्यामोठ्या डेटाबेसमध्ये बसवायचं काम या दोघांच्या कंपनीनं अंगावर घेतलं होतं. त्याचा प्रोग्रॅम ठाण्यात, नाशकात आणि जव्हारला एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत लिहिला जात होता. लाखो ओळी, आणि लिहिणारे इतके हात. कुणी चार जागा सोडून ओळ सुरू करी, कुणी आठ. कुणाचा कंस ओळीच्या टोकाला लटके, कुणाचा खाली एकटाच पडे. म्हणून कंपनीनं एक यंत्रणा आणली होती. ती सगळ्या ओळी आपसूक नीट घडी घालून ठेवी. अर्थाला हात नाही, फक्त सुरकुत्या जात. ऑफिसात तिला 'इस्त्री' म्हणत, आणि ती फिरवायचं काम दर शनिवारी रुपीचं.

त्यात एक खोच होती. इस्त्री फिरली की त्या ओळीपुढं 'शेवटचा हात' म्हणून रुपीचं नाव लागे. ओळ कुणाचीही असो.

"सगळं ऑफिस तुझ्या नावावर झालंय," हेमंत म्हणे. "आता सातबाराही काढून घे."

"काढते. तुझ्या नावाचं कूळ ठेवते त्यात."

"बेदखल तर नाही ना करणार?"

"वागणूक बघून ठरवू..."

ताईवरून तो 'रुपी'वर कधी आला, हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

दुसरी गंमत त्यानंच शोधली. प्रोग्रॅममध्ये एखादं टिपण लिहून त्याच्या वरखाली आडव्या रेघा ओढल्या, की इस्त्री त्याला शिवत नसे. मग शनिवारी, रटाळ ओळींच्या रानात, रुपीला अचानक दोन रेघा दिसायच्या आणि मध्ये — 'इस्त्रीवाल्या बाईंनी पाचला टपरीवर यावं. विस्तव थोडा कमी ठेवावा.' ती उत्तर लिही — 'बाई येतील. भजी कुळाकडून.' वाचून झालं की तो दोन्ही पुसून टाकी. रेघांच्या आत तो पुष्कळ लिहायचा. जे लिहायला हवं होतं ते सोडून.

जिन्याखाली बाजाराच्या दिवशी दाभोश्याची सरू बसायची. करटुली, रानभाज्या, जे जंगलात मिळेल ते घेऊन. रुपी खाली उतरेपर्यंत उभं राहायला काही निमित्त हवं, म्हणून हेमंत करटुली घ्यायचा.

"काय रं गुरुजीच्या पोरा, गेल्या बाजारची संपली का शेळीला घातली?" सरू विचारायची. "ती बघ, आली तुझी भाजी." मग रुपीचा पदर ओढून, हळू आवाजात, पण गल्लीला ऐकू जाईल असं — "पोरी, हा बोलायचा नाय. दिसायला बरा हाय, पण बोलायचा नाय. तुलाच बोलाय लागंल."

रुपी हसायची. तिला वाटे, बोलेल. घाई काय आहे?

पावसाळ्यात टेलिफोनच्या तारा पडल्या. आडगावची आरोग्य केंद्रं आपल्या कपाटातल्या औषधांचे आकडे पाठवीनात. पडद्यावर मोकळ्या चौकटी दिसू लागल्या, आणि नेमके तेव्हाच सरकारी पाहुणे काम बघायला यायचे होते. ऑफिसचे मुख्य धर्मेंद्र सर. माणूस वाईट नव्हता, फक्त पाहुण्यांना फार भ्यायचा. ते म्हणाले, "हे दात पडल्यासारखं दिसतंय. काहीतरी भरा रे तिथं."

हेमंतनं भरलं. एकच ओळ. आकडा आला नसेल तर मागचाच दाखव.

शनिवारी ती ओळ रुपीच्या डोळ्यांखालून गेली. "हे असं?" तिनं विचारलं.

"तात्पुरतं गं. पाऊस उघडला की काढतो."

इस्त्री फिरली. ओळ छान सरळ बसली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, समोसे आले, सगळ्यांनी खाल्ले. रुपीनंही.

भाताच्या लावणीत सरूला साप चावला. शेजाऱ्यांनी तिला जीपमध्ये घातलं. ड्रायव्हरनं वाटेतल्या एका चालू बूथवरून आरोग्य खात्याला फोन करून विचारलं, सापाचं इंजेक्शन कुठं मिळेल? फोनवरच्या माणसानं पडद्यावर बघून सांगितलं, जव्हारला कशाला जाता, नदीपलीकडचं केंद्र जवळ आहे, तिथं भरपूर आहे. जीप नदीपलीकडे गेली. कपाट उघडलं. रिकामं. ते महिन्यापूर्वीच रिकामं झालं होतं. जीप उलटी फिरून जव्हारच्या वाटेला लागली, आणि घाट चढताना सरू बोलायची थांबली. सरू!

त्या बाजारी जिन्याखालची जागा मोकळी राहिली. ऑफिसातले सगळे तिथून जाताना मोबाइलमध्ये बघू लागले.

वर खोलीत कुणी सरूचं नाव घेईना. 'ती घटना' म्हणायचे. 'आकड्यातला फरक' म्हणायचे. ओळ गुपचूप काढली गेली. ठाण्याहून चौकशीला बाई येणार असं कळलं, तेव्हा धर्मेंद्र सर म्हणाले, "नोंद काय दाखवते ते दाखवते. आपण काय करणार?" नोंदीवर नाव रुपीचं. ओळ मुळात कुणी लिहिली ते सांगणारी जुनी नोंद उकरायची तर अर्धा तास पुरला असता, पण कुणालाच उकरायची नव्हती.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी हेमंतनं तिला टपरीवर बोलावलं. या वेळी रेघांमधून नाही. समोर येऊन, घसा खाकरून.

"रुपी... घरी सांगतो तुझ्याबद्दल. या दिवाळीत."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. रुपीनं ग्लास दोन्ही हातांनी धरला. हे वाक्य तिनं मनात किती तऱ्हांनी ऐकलं होतं! घाटात, जीपमध्ये, पोशेऱ्याच्या बांधावर...

"पण," हेमंत म्हणाला.

तिच्या ऐकण्यात कधीच 'पण' नव्हता.

"बाबा आधीच म्हणतील, पाड्यावरची मुलगी... माझी नोकरी असली तर भांडता तरी येईल. गेली तर मी कुठल्या तोंडानं बोलू? उद्या तू एवढंच म्हण, इस्त्री फिरवताना काही इकडचं तिकडं झालं असेल. यंत्राची चूक. तुला फार तर समज देतील."

"आणि तुला?"

"मला... तू मिळशील."

किती गोड बोलला. डोळ्यांत पाणीही होतं त्याच्या, आणि ते खोटं नव्हतं. तेच वाईट होतं.

"चहा प्या, कूळ," ती म्हणाली. "गार झाला."

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या बाई टेबलाच्या त्या बाजूला बसल्या. धर्मेंद्र सर पंख्याकडे बघत होते. हेमंत रुपीच्या शेजारी.

"रुपी भोये, ही ओळ तुमच्या नावावर दिसते. कशी आली?"

टेबलाखाली एक हात आला आणि तिच्या हातावर पडला. इतक्या दिवसांत त्यानं तिचा हात कधी धरला नव्हता. रस्ता ओलांडतानाही नाही. तळवा घामानं ओला. तिला जीप आठवली, खांद्याला लागलेला खांदा, लाल झालेले कान. हात सोडून द्यावा असं तिला मुळीच वाटलं नाही.

खाली गल्लीत कुणीतरी भाजीचा भाव करत होतं. आवाज सरूचा नव्हता.

"यंत्राचं काही..." धर्मेंद्र सर पुटपुटले.

"यंत्र फक्त घडी घालतं, सर," रुपी म्हणाली. तिनं हेमंतचा हात घट्ट धरला, आणि तसाच धरून ठेवून बोलली. "ओळ हेमंतनं लिहिली. तुम्ही सांगितलीत म्हणून. मी वाचली, आणि समोसा खाल्ला."

चौकशीच्या बाईंनी पेन खाली ठेवलं.

"आणि त्या ओळीनं सरू मेली."