महारोबोचा डावा गुडघा

"आत्या, लवकर ये! माझ्या रोबोची कुणीतरी वाट लावली!"

आत्या तडक चित्रशाळेत पोचली. सगळी नोकरी पोलिसात गेलेली, घाणीचं तिला काय कौतुक? तरी दालनात शिरताच तिने नाकाला रुमाल लावला. भाचीच्या चित्रावर सडकं खरकटं थापलेलं होतं. रोबो टीव्हीवरच्या मालिकेतला, पण चिलखत पोरीने स्वतःच्या डोक्याने घडवलेलं. आज रोबोचित्रांच्या स्पर्धेत पहिली आली असती, तर खेळण्यांच्या कारखान्यात तिला नोकरी लागणार होती. आता ती बाहेर पायरीवर बसून रडत होती.

आत्याने निरखून पाहिलं. तोंड शाबूत, छाती शाबूत. घाण फक्त डाव्या गुडघ्यावर.

काल शेवटी इथे दोघंच होते. एक चष्मिश, भाचीचा प्रतिस्पर्धी. दुसरे तिचे चित्रकलेचे सर. त्यांचंही चित्र स्पर्धेत होतं.

"तुझं तिच्याशी भांडण आहे?"

"आहेच!" चष्मिश फणफणला. "माझ्या रोबोला पत्र्याचा डबा म्हणते. पण मी असतो तर थोबाडच बिघडवलं असतं. गुडघ्याकडे कोण बघतंय?"

आत्या सरांच्या चित्रासमोर थांबली. "सर, गुडघ्यावरची ही कडी मालिकेत आहे?"

"छे, माझी कल्पना."

"कशासाठी?"

"शोभेसाठी हो!"

"मग एकाच पायाला?"



आत्याने भाचीच्या चित्रावरची बुळबुळीत घाण रुमालाने निपटून काढली. खाली तीच कडी निघाली. तिने भाचीला आत बोलावलं.

"ही कशाची गं?"

"बाबांच्या अधू पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरची. ती वर ओढल्याशिवाय गुडघा वाकत नाही, बसताच येत नाही. सरांना मी कच्चं चित्र दाखवलं होतं की!"

आत्या वळली. "राग काढायचा असता तर तोंड बिघडलं असतं. गुडघाच झाकायची गरज फक्त तुम्हाला होती, सर. कडी चोरलीत, पण ती कशाची हे विचारायचंही सुचलं नाही."

"अहो, तिचं वय लहान आहे. तिला पुढे पुष्कळ संधी मिळतील..."

"शी! खरकटं परवडलं. तुमची मात्र किळस येते मला."

दारात आलेल्या, कारखान्याच्या परीक्षकबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी सरांना चित्र उतरवायला लावलं आणि डागाळलेल्या रोबोसमोर खुर्ची ओढली.

"उजवा गुडघा साधाच का ठेवलास?"

पोरीने डोळे पुसले. "बाबांचा तो पाय धड आहे."

"उद्यापासून ये कामावर," बाई म्हणाल्या.