न बदलणारं तिकीट

"तात्या, तिकीट गेलं!"

सूर्यभानची हाक आली तसा काकडआरतीचा अभंग त्रिंबकतात्यांच्या ओठातच राहिला. तात्या पोलिसातले निवृत्त जमादार. पुतण्याला निरोप द्यायला काल सांजेला पाचोडहून गारखेड्यात आलेले. वाळूजचा कारखाना सोडून सूर्यभान मस्कतला निघाला होता, अन् विमान सकाळचंच.

"दुसरं काढू की."

"सवलतीचं हाय ते. तारीख बदलत नाय, हरवलं तर दुसरं नाय. तिकीट गेलं म्हंजी नोकरीबी गेली."

"ठिवलं कुठं व्हतं?"

"देव्हाऱ्यात. काल सकाळी पाह्यलं."

तात्यांनी देव्हारा न्याहाळला. खंडोबाचा चांदीचा टाक जागच्या जागी. पुजेची सुपारी मात्र नव्हती, अन् देवाखालचं पिवळं फडकंही.

"काल घरात कोण आलं व्हतं?"

"फकिरा. पाळीला जाता जाता चहाला."

फकिरा दारातच उभा होता. कारखान्यातला सोबती. शहर बंद, रिक्षा मिळायची नाही, म्हणून रात्रपाळीवरून तसाच स्कूटर घेऊन आलेला. खिशावर विद्यापीठ नामांतराचा बिल्ला. तात्यांची नजर तिथंच अडली.

"पिशवी दाव."

"तात्या!" सूर्यभान कळवळला.

फकिरानं पिशवी उलटी केली. डबा, टॉवेल, अर्धी भाकर.

"खिसेबी पाहा, जमादार. आम्हाला सवय हाय."

सूर्यभानची आई, म्हाळसाबाई, भिंतीला टेकून पुटपुटली, "आधी घराभाइर तर पडा. वाटंत सापडंल."

मघापासून तिचं हेच पालुपद. तात्या वळले.

"वयनी, आज अवस ना?"

"व्हय."

"तारीख बदलत नाय, हे एजंटाला इचारायला कोण गेलं व्हतं?"

"म्या. क्रांती चौकात. म्हनला, महागाच्या तिकिटाला दंड भरला की तारीख बदलती, याला तसंबी नाय."

तात्यांनी पुन्हा देव्हाऱ्याकडं पाहिलं.

"चोर चांदी सोडून सुपारी नेत नाय. अवसंला पोरगं निघायचं, म्हणून तुम्ही काल चांगल्या वारी त्याचं प्रस्थान ठिवलं. फडक्यात सुपारी अन् तिकीट बांधून वाटंवरच्या घरी. जाताना उचलायचं. विमानतळाच्या वाटंवर वळखीचं घर कुणाचं?"

"मुकुंदवाडीत..." तिला हुंदका फुटला. "फकिराच्या मायकडं. देवाचं फडकं त्या घरी ठिवलं म्हणून तुम्ही रागवाल, या भ्यानं बोलले नाय, भावजी."

"अन् त्याची पिशवी उलटी झाली तरी गप ऱ्हायलात." तात्या फकिराकडं वळले. "पर उलटी करायला लावली म्या."

फकिरानं पिशवी पुन्हा भरली. त्यानं स्कूटरला किक मारली. "बस, सूर्यभान."

तात्या अन् म्हाळसाबाई पायी मुकुंदवाडीत पोचले, तेव्हा विमान डोक्यावरून गेलं. फकिरा सूर्यभानला सोडून परतला होता. त्याची आई साळूबाई दारात आली.

"मिळालं बरं का तिकीट. आमच्यात हे नसतं बाई, पर रातभर उशाला जपलं."

पैठणच्या वाळवंटात रडणाऱ्या, संतांनी कडेवर उचलून घेतलेल्या त्या अस्पृश्य लेकराची कथा कीर्तनात आली की तात्या दर वेळी रडायचे, उपरण्यानं डोळे पुसायचे. आज डोळे कोरडेच राहिले. त्यांनी साळूबाईपुढं हात जोडले.

"पोरगं रातपाळीचं दमलंय, चहा टाकलाय," साळूबाई म्हणाली. "तुम्ही घ्याल का आमच्यातला?"

तात्यांनी कप दोन्ही हातांनी घेतला. समोर फकिरा बसला होता. चहा निवत गेला, पण तात्यांची मान काही वर झाली नाही.