आठच शेळ्या!

“आठ नाही गं, बारा! बारा!!” चष्मिस इतक्या जोरात ओरडली, की गोठ्यातली एक शेळी दचकून मागे सरली.

“आठ,” चिंगी म्हणाली. चिंगी साडेचार वर्षांची, बालवर्गाची मॉनिटर. तिच्या मागे उभे असलेले नऊ लिंबूटिंबूही ओरडले, “आठ!”

“हिला मोजायला शिकवण्यापेक्षा दगडाला पोहायला शिकवणं सोपं!” लंबूने कपाळावर हात मारून घेतला.

खरं तर दोघांची सातवीची सुट्टी चालू होती. तळ्यावर तराफा बांधायचा बेत ठरलेला, दोरसुद्धा आणलेला! पण लंबूची आई म्हणजे चष्मिसची आत्या, आणि आत्याचा बालवर्ग संकटात सापडलेला. हा वर्ग शाळेच्या शेतावरच भरायचा. गोठ्याच्या भिंतीवर प्रत्येक शेळीच्या डोक्यावर तिच्या नावाची पाटी होती. मुलं पाट्या वाचायची, शेळ्या मोजायची. गेल्या आठवड्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. मग बाराच्या अकरा झाल्या, अकराच्या दहा, आणि आज आठ! शेळ्या मात्र होत्या तेवढ्याच.

शेताच्या मॅनेजरकाकांना तेवढंच हवं होतं. “पोरांना बारा शेळ्या मोजता येत नाहीत! नुसती पायात पायात येतात,” असं त्यांनी शाळेच्या अध्यक्षबाईंच्या कानावर घातलं. आज अकरा वाजता अध्यक्षबाई स्वतः बघायला येणार होत्या. गणित चुकलं, तर वर्ग उद्यापासून बंद खोलीत. आत्या रात्रभर झोपली नव्हती.

साडेदहा वाजले होते. बोटं झाली, खडे झाले, शेळीला हात लावून मोजणं झालं. उत्तर आठच! चष्मिसला रडावं की किंचाळावं कळेना.

“थांब,” लंबू अचानक म्हणाला. “ही दर वेळी त्याच चार शेळ्या गाळतेय. त्या टोकाच्या! चिंगे, काजळीला का नाही मोजलंस?”

“ती आलेली नाही.”

“अगं, समोर उभी आहे ना ती!”

“मग ओ का देत नाही?” चिंगी वैतागून म्हणाली. “बाई हजेरी घेतात तेव्हा ओ दिली तरच हजर. बघ! ढगी!”

“बेंऽऽ!” पहिली शेळी ओरडली.

“काजळी!”

काजळीने मान खाली घातली ती वर केलीच नाही. तिच्या शेजारच्या तिघीही गप्प.

चष्मिसने चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. प्रत्येक पाटीखाली खडूच्या बारीक रेघा होत्या. मोठ्यांना वाटायचं, पोरांनी भिंत खराब केली. पण त्या रेघा म्हणजे शेळ्यांची हजेरी होती! सगळ्यात कमी रेघा काजळीच्या पाटीखाली, त्याहून थोड्या जास्त तिच्या शेजारणीच्या.

“लंबू, या चौघी आजारी आहेत! आणि चौघींची गव्हाण एकच!”

लंबूने गव्हाणीत हात घालून नाकाशी नेला. “शी! कसला कुबट वास!” शेजारच्या कोठीत डोकावलं, तर गळक्या छपराखाली पेंडीचं एक पोतं भिजलेलं, वर हिरवट बुरशी!

“कोण आहे रे तिकडे?” मॅनेजरकाकांनी दोघांना बाहेर काढलं आणि कोठीला कुलूप ठोकलं. “शेळ्या ठणठणीत आहेत. तुम्ही आपले आकडे बघा!”

तेवढ्यात अध्यक्षबाई आल्या. आत्याचा चेहरा उतरला.

“किती शेळ्या, बाळांनो?”

“आठ!”

“ऐकलंत?” काका खूश होऊन म्हणाले.

“काका, सगळ्या शेळ्या ठणठणीत आहेत ना?” चष्मिसने अगदी भोळ्या आवाजात विचारलं. “मग टोकाच्या गव्हाणीतली मूठभर पेंड ढगीला घालू?”

“ए, ए! तिला नको!” काका एकदम पुढे धावले.

“का नको?”

“ती दुभती आहे... आणि ते जरा भिजलेलं... म्हणजे वाया जाऊ नये म्हणून फक्त त्या चौघींना...” काकांची जीभ अडखळली. अध्यक्षबाईंनी किल्लीसाठी हात पुढे केला.

तासाभरात गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी चौघींना तपासून औषध पाजलं. “वाचतील,” ते म्हणाले. “आणखी दोन दिवस गेले असते, तर चारही हातच्या गेल्या असत्या.”

“शाबास!” अध्यक्षबाईंनी चष्मिस आणि लंबूच्या पाठीवर थाप मारली. “काय डोकं चालवलंत! वर्ग इथेच भरेल, आणि छप्पर याच आठवड्यात नीट होईल. ऐकलंत ना, मॅनेजर?”

आत्या डोळे पुसत हसली. पण चिंगीचा चेहरा रागाने लालबुंद झाला होता.

“मी रोज सांगत होते!” ती ओरडली. “रोज! कुणी ऐकतच नाही!”

आत्या तिच्यासमोर जमिनीवर बसली. “तुझं बरोबर होतं, बाळा. मी रोज तुझ्या उत्तरावर फुली मारली, पण ‘का’ म्हणून एकदाही विचारलं नाही.”

चष्मिसला तर सकाळपासूनचं आपलं ओरडणं आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं. “माझंही चुकलं, चिंगे,” ती म्हणाली.

चिंगीने बाहीने नाक पुसलं आणि दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

“उद्या कोंबड्या मोजायच्या,” ती म्हणाली. “आणि मी मोजताना मध्ये बोलायचं नाही.”

“नाही बोलणार,” चष्मिस निमूटपणे म्हणाली.