ओट्यावरची जाऊ

साल दोन हजार सहा. मार्चातलं ऊन चढायला लागलं होतं, तेव्हा डॉक्टर इशरत इनामगावच्या फाट्यावर एसटीतून उतरली. काम नेहमीचंच होतं. साखरबाई नावाच्या सत्तरीच्या म्हातारीला घरी जाऊन तपासायचं आणि संध्याकाळच्या आत दौंडला परतायचं.

इशरत पुण्यात एका संस्थेत वर्षभराची फेलोशिप करत होती. जे दुखणं बरं होणार नाही त्यातलं दुखरेपण तरी काढून घ्यायचं, उरलेले दिवस सुखाचे करायचे, असलं ते शास्त्र. दौंडात कुणी विचारलं की तिचे अब्बू, चांदभाई, अभिमानानं सांगायचे, "आखरीवाली डॉक्टर है मेरी बेटी," आणि विचारणारा दोन पावलं मागं सरकायचा.

पोरगी हुशार होती. मॉर्फिनचा हिशेब तिला तोंडपाठ, जखमा बांधण्यात हात हलका. अडायचं एकाच ठिकाणी. पेशंटनं सरळ विचारलं, "मला काय झालंय?" की हिची दातखीळ बसायची. तीन वर्षांपूर्वी तिची स्वतःची अम्मी, फरीदा, पोटाच्या कॅन्सरनं गेली होती. घरानं तिला कावीळ म्हणून सांगितलं, आणि ते ठरवलं होतं इशरतनंच. अम्मी शेवटपर्यंत "उतरेल गं कावीळ" म्हणत राहिली. ते खोटं अजून इशरतच्या घशात अडकलेलं होतं. संस्थेत तिला शिकवणाऱ्या सरांनी हे ओळखलं होतं. "या घरी तुला खरं सांगावंच लागेल," ते म्हणाले होते. "नाही जमलं तर तुझं शिकणं अर्धंच राहिलं."

फाट्यावर साखरबाईचा मुलगा जयसिंग मोटारसायकल घेऊन आला होता. घरापाशी गाडी थांबवून त्यानं हात जोडले. "म्याडम, एक इनंती हाय. आईला कॅन्सरचं बोलू नका. आमी वात म्हणून सांगितलंय."

"आणि मागच्या आठवड्यात सरांनी दिलेल्या गोळ्या?"

"घेतच न्हाई ना! म्हंती, वाताला येवढी कडक गोळी कशाला? रातभर कण्हती, पर गोळी थुकून टाकती." तेवढ्यात पलीकडून कुणी ओरडलं, लाईट आली. जयसिंग कांद्याला पाणी सोडायला धावला. लोडशेडिंगच्या दिवसांत लाईट कुणासाठी थांबत नसे.

आतून सून राजनंदिनीचा आवाज आला, "बसा जरा म्याडम, आईंचं अंग पुसून घेते." इशरत ओट्यावर टेकली. तिथं आधीच एक म्हातारी बसली होती. हिरवं लुगडं, कपाळावर आडवं कुंकू, तोंडाचं बोळकं, डोळे मात्र पोरीसारखे खट्याळ.

"लिव्ह," म्हातारी म्हणाली. "घरातली मान्सं लिव्हायची ना तुला? समदी सांगते."

इशरतला बरंच वाटलं. सरांचा दंडकच होता, गोळी नंतर, आधी माणसं. कोऱ्या कागदावर घराचा नकाशा काढायचा, बाप्यांना चौकोन, बायांना गोल, गेलेल्यांवर फुली. म्हातारीनं तीन पिढ्या घडाघडा सांगितल्या. कोण कुणावर रुसलं, कोण पळून गेलं, कोणत्या दिराला लग्नात चक्कर आली. इशरत हसून हसून बेजार झाली.

"आन् हितं एक गोल काढ. मी नकुशी, साखरीची धाकली जाऊ. आईबापाला नकू व्हते म्हणून नाव पडलं. पर साखरीनं चाळीस वर्सं मला सोडली न्हाई बघ."

उन्हानं माती तापली होती, वारा पडला होता, आणि कुठूनशी ताज्या भाजलेल्या मिसरीचा खमंग, करपट वास येत होता. चुलीचा धूर मात्र कुठंच नव्हता. म्हातारी हात नाचवून बोलत होती आणि कोंबड्या अगदी तिच्या पावलांपाशी दाणे टिपत होत्या. एकही दचकत नव्हती. इशरतच्या ते नजरेला आलं, पण मनाला लागलं नाही.

"तिला खरं सांग," नकुशी एकाएकी हळू आवाजात म्हणाली. "तिला समदं ठावं हाय. तुमीच तेवढं लपवून दमताय..."

राजनंदिनीनं हाक मारली. इशरत आत गेली, खाटेजवळ जमिनीवर बसली. साखरबाई वाळून काडी झाली होती, कंबरेतल्या कळेनं ओठ चावत होती. राजनंदिनीनं सहज कागदात डोकावलं आणि तिचं बोट त्या शेवटच्या गोलावर थांबलं.

"म्याडम... ह्यांच्यावर फुली न्हाई मारली?"

"कुणावर? त्या तर बाहेर बसल्यात. त्यांनीच सगळं सांगितलं."

राजनंदिनी दारातून बघून आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "भाईर कोंबड्यांबिगर कुणी न्हाई... धाकल्या सासूबाईंना जाऊन चार वर्सं झाली, म्याडम..."

मिसरीचा वास आता खोलीत होता, अगदी खाटेच्या पायथ्याशी. आणि साखरबाई खुदकन हसली.

"आली व्हय रांड! कवाधरनं वाट बघतीय." तिनं इशरतचा हात धरला. "आमचं ठरलं व्हतं पोरी. जी आधी जाईल तिनं दुसरीला न्यायला यायचं. आता ही वातासाठी येवढ्या लांबनं येत न्हाई. तू सांग. मला काय झालंय?"

दारात जयसिंग येऊन उभा होता. तो मान हलवत होता, नको, नको. इशरतच्या डोळ्यांपुढं अम्मी आली, पिवळी, थकलेली. जीभ टाळूला चिकटली. पण पायथ्याकडून कुणीतरी हलकेच तिच्या पाठीत ढोसलं. मागं फक्त भिंत होती.

"मावशी, कॅन्सर आहे," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला अनोळखी वाटला. "हाडात गेलाय. बरा होणार नाही. पण ही कळ मी थांबवू शकते. तेवढं माझ्या हातात आहे."

साखरबाईनं डोळे मिटले. एक टिपूस ओघळला. मग तिनं मुलाकडं बघितलं. "जयसिंगा, खोटं बोलायला शिकवलं नव्हतं म्यां तुला. म्हणून जमत न्हाई तुला." जयसिंग तिच्या पायांवर डोकं ठेवून हुंदके देत हसायला लागला. "आण ती गोळी," म्हातारी म्हणाली. "दुखत दुखत गेले तर वाटंनं गप्पा कशा मारू?"

पुढचे पाच आठवडे त्या घरात लग्नघर असल्यासारखी गंमत होती. कळ गेली आणि म्हातारीला वाचा फुटली. तिनं दागिने वाटले, जुनी भांडणं मिटवली, दोन नवी काढली. पायथ्याच्या मोकळ्या जागेकडं बघून ती गप्पा ठोकायची. राजनंदिनी आता न घाबरता तिथंही चहाचा कप ठेवायची. चहा तसाच राही, वरची साय तेवढी गेलेली असायची. शेवटच्या खेपेला म्हातारी इशरतला म्हणाली, "तिकडं कुणाला निरोप द्यायचाय का तुला?" इशरतनं हसून नकारार्थी मान हलवली. घशाशी आलेलं नाव तिनं गिळलं. अम्मीबद्दल ती त्या घरात कधीच बोलली नव्हती.

आठ दिवसांनी, सकाळी नऊच्या सुमारास, दौंडच्या घरी राजनंदिनीचा फोन आला. साखरबाई पहाटे गेली. बोलता बोलता, हसत. कण्हली नाही.

"आन् म्याडम, तुमच्यासाठी आईंनी निरोप ठेवलाय. मला काय कळला न्हाई, जसाच्या तसा सांगते. फरीदा म्हंती, पत्रिकांच्या गठ्ठ्यातला कागद म्यां पयल्याच दिशी वाचला व्हता. पोरगी येवढ्या मायेनं लपवतीय, तर लपवू दे म्हणलं..."

इशरतनं फोन ठेवला. अम्मीचा रिपोर्ट तिनं कपाटावरच्या सुटकेसमध्ये, जुन्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात दडवला होता. हे अब्बूंनाही माहीत नव्हतं. तिनं खुर्ची ओढली, सुटकेस उतरवली, गठ्ठा सोडला. इशरतनं कागद दोनदा घडी घालून ठेवला होता. आता तो पुडीसारखा बारीक मुडपलेला होता, अम्मी किराण्याच्या याद्या मुडपायची तसा. ती जमिनीवर बसली, रडली, आणि मग तीन वर्षांत पहिल्यांदा पोट धरून मोठ्यानं हसली.

बाहेरच्या खोलीत चांदभाईंच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. ते थोडा वेळ कान देऊन ऐकत राहिले.

"इशरत," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "बेटा... अंदर तेरे साथ और कौन हंस रहा है?"