डाव्या कानातला आवाज

मांडवीच्या रावजी तांडेलांनी शिडाचे पडाव मलबारापर्यंत नेले. रावजींचे चिरंजीव सखाराम आगबोटीवर खलाशी झाले. सखारामांचे थोरले चिरंजीव शिवराम परदेशी जाणाऱ्या मालवाहू बोटीच्या इंजिनघरात नोकरीला लागले. आणि शिवरामांची एकुलती एक कन्या मालन, वय वर्षे तेरा, १९८६ सालच्या मे महिन्यात मांडवीच्या जेटीवर बसून चुलतभावाशी कडाकडा भांडत होती.

"कधीची ऐकतेयस! आता माझी पाळी!" बाबू ओरडला. तो हरिकाकांचा मुलगा. सुट्टीला मुंबईहून आला होता आणि मुंबईचा असल्याचे दिवसातून अनेकदा ऐकवत होता.

"वॉकमन कुणाचा आहे? माझ्या बाबांचा!" मालन म्हणाली.

हे ऐकताच बाबूने पुढे केलेला हात मागे घेतला. शिवरामांनी तो वॉकमन, चार फ्रॉक आणि दोन कॅसेट एवढे सामान पिशवीत घालून घरी परतणाऱ्या एका खलाशाच्या हाती दिले होते. पिशवी रत्नागिरीला पोचली. पण तिच्या आधीच बोट बुडाल्याची तार पोचली होती. पिशवी कुणी उघडलीच नाही. ती आबांनी, म्हणजे सखाराम आजोबांनी, माळ्यावर ठेवून दिली. चार महिन्यांनी, सुट्टीला आल्यावर, हरिकाकांनी ती खाली काढली.

मालनला एक दुःख होते, आणि ते तिने कुणालाही सांगितले नव्हते. बाबांचा चेहरा फोटोत होता. बाबांचा आवाज मात्र तिच्या मनातून रोज थोडा थोडा निसटत चालला होता. ते तिला "मालू" म्हणत, हे तिला ठाऊक होते; कसे म्हणत, ते आता नीट आठवत नव्हते.

"भांडू नका गो! मला द्या तोवर," शेजारची जनी मध्ये पडली. जनी मालनच्याच वर्गातली. भजनात पेटी वाजवणारी, कानाची अतिशय तिखट. तिने हेडफोन डोक्यावर चढवला, डोळे मिटले आणि क्षणात उघडले.

"हे गाणं अर्धं आहे!"

"अर्धं कसं असेल?" बाबू हसला. "बाई गातेय ना?"

"बाई गातेय. पण तिच्यामागची बासरी कुठे गेली? रेडिओवर मी हे गाणं शंभरदा ऐकलंय. बासरी आहेच आहे!"

"मग बासरीवाला रजेवर गेला असेल!"

"थांब, बाबू!" मालनने हेडफोनच्या गाद्या आळीपाळीने कानाशी धरल्या. उजव्या कानात बाई गात होती. डाव्या कानात शुकशुकाट! तिने वायरीवरून बोट फिरवत नेले. पिनेच्या अगदी मुळाशी वायर चेपून पांढरी पडली होती. तिथे तिने वायर जराशी वाकवली, आणि डाव्या कानात बासरी फुटली! बोट सोडले, बासरी गेली.

"वायर तुटलीये आतून. कुणी केलं हे?"

बाबूने मान खाली घातली. "पप्पा ऐकून झालं की वायर वॉकमनला गुंडाळून ठेवतात. मासे धरायच्या गरीची दोरी फळकुटाला गुंडाळतात ना, तशी. घट्ट."

मांडवीत ज्याच्या हाती दोरी येते तो ती आवळूनच गुंडाळतो. पाण्यावरच्या माणसाची ती सवयच. दोरीला त्याने काही होत नाही. तारेला होते.

मालन एकाएकी उठून उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता.

"बाबू, पिशवीतली ती दुसरी कॅसेट, जिच्यावर काहीच लिहिलं नव्हतं, ती काकांनी कशावर ऐकली?"

"याच हेडफोनवर. म्हणाले, नुसती खरखर आहे, कोरी आहे."

"एकाच कानाने ऐकली! दुसऱ्या कानात काय होतं ते कुणाला ठाऊक? बाबा कोरी कॅसेट कशाला पाठवतील रे? कोरी कॅसेट काय रत्नागिरीत मिळत नाही? कुठे आहे ती?"

बाबूने बाजाराकडे बोट दाखवले. "पप्पांनी सकाळी महिपतशेटच्या दुकानात दिली. वाडीच्या पूजेला लाऊडस्पीकरवर लावायची गाणी भरून घ्यायला."

तिघे धावत सुटली. तापलेल्या रस्त्यावर चपला चटचट वाजत होत्या. जनीची एक चप्पल तुटली. तिने दोन्ही हातात घेतल्या आणि तशीच पळत राहिली.

महिपतशेटचे कॅसेटचे दुकान बाजारातल्या चढावर होते. आत पंखा गरगरत होता आणि मोठ्या मशिनीवर लाल दिवा जळत होता. गाणे भरणे चालू होते.

"शेट, थांबवा! ती कॅसेट कोरी नाही!" मालन धापा टाकत म्हणाली.

महिपतशेटने चष्म्यावरून पाहिले. "तुझ्या काकाने स्वतः तपासून दिली. मोठ्या माणसाला कळत नाही आणि तुला कळतं?"

"तिच्यात माझ्या बाबांचा आवाज असेल!"

"पोरी, तुझ्या घरचं दुःख मला माहीत आहे. पण असं मनाला येईल ते धरून बसू नये. संध्याकाळी पूजा आहे. भरतं गाणं मी मध्ये तोडत नाही; माझ्या दुकानाची ती रीत नाही. काकाला घेऊन ये, मग बघू."

काका गेले होते मिरजोळ्याला, मंडपाचे बांबू आणायला! लाल दिवा जळतच होता. त्या दिव्याखाली फिरणाऱ्या पट्टीवरून एकेक शब्द पुसला जात असेल, हे मालनला दिसत होते. रडून या माणसापुढे काही चालायचे नाही, हे मात्र तिने ओळखले. तिने बाबूला कोपराने ढोसले आणि हेडफोनच्या काचेच्या कपाटाकडे डोळ्याने खुणावले.

बाबू मुंबईचा होता, ते त्या दिवशी कामी आले!

"शेट," तो ऐटीत म्हणाला, "मला हेडफोन घ्यायचाय. दादरला पाहिले, पण आवडले नाहीत. तुमच्याकडे काही बरं आहे का?"

दादरचे नाव ऐकताच महिपतशेट उठला. त्याने तीन हेडफोन मांडले. एक गुबगुबीत गाद्यांचा, कान पुरते झाकणारा. एक हलका, स्पंजाचा. आणि एक नुसत्या दोन गोट्या, कानात खुपसायच्या.

"हा मोठा घे. राजेशाही आहे!"

मालनने जुना हेडफोन काढून एकेक नवा वॉकमनला जोडला. गुबगुबीताचा आवाज घुमत होता, माणूस रांजणात बोलल्यासारखा. शिवाय तो तिच्या डोक्यावरून घसरत होता. गोट्या कानात राहीनात. स्पंजाचा मात्र हलका बसला. तिने आधी डावा कान ऐकला, मग उजवा. पिनेपाशी वायर चारही बाजूंनी हलवून पाहिली. बासरी एकदाही तुटली नाही.

"हाच," ती म्हणाली. "पण शेट, याच्यावर तुमच्याकडचं ताजं रेकॉर्डिंग ऐकून बघायचंय."

"ही घे, कालच भरलेली आहे."

"काल भरलेली काय दाखवता!" बाबूने नाक मुरडले. "आत्ता भरताय ती लावा. तुमचं रेकॉर्डिंग दादरपेक्षा साफ आहे, असं इथे सगळे म्हणतात. खरं की खोटं, ते कळू दे!"

महिपतशेटच्या मिशा थरथरल्या. "खोटं? अरे, आत्ता दाखवतो! हे गाणं संपू दे!"

गाणे संपता संपेना. शेवटचे कडवे बाईने दोनदा घोळवले. जनीने मालनचा हात धरून ठेवला होता. शेवटी खट्कन आवाज झाला, लाल दिवा विझला, आणि कॅसेट मालनच्या हाती आली. तिने ती वॉकमनमध्ये घातली. गाणे जिथे संपले होते तिथूनच पुढे तिने बटण दाबले.

उजव्या कानात खरखर. आणि डाव्या कानात, अगदी जवळ, कुणीतरी शेजारी बसून बोलावे तसा:

"...तेव्हा तिला ओरडू नकोस, तुळसा. लहान आहे ती. गणितात कमी पडले तर पडले..."

मालनने दोन्ही हातांनी हेडफोन घट्ट धरला. जनीने तिच्या एका कानाची गादी हळूच बाजूला करून आपला कान लावला, आणि तीही रडू लागली.

"काय झालं? रेकॉर्डिंग खराब आहे?" महिपतशेटने घाबरून विचारले. बाबूने हेडफोन त्याच्या कानाला लावला. महिपतशेट ऐकत राहिला; मग खाली बसला.

"शिवराम!" तो पुटपुटला. "अरे देवा. एकाच माइकने भरलेलं, म्हणून एकाच कानात येतंय. मी एक गाणं भरलं रे यावर!"

नवा हेडफोन त्याने कागदात गुंडाळून मालनच्या हाती दिला आणि दुकानाचे दार ओढून घेतले. आधी त्या कॅसेटची एक नक्कल करून घेतली, आणि मग स्वतः मुलांसोबत मांडवीला चालत आला.

घरी ओटीवर आबा आणि मालनची आई तुळसाबाई बसली होती. हरिकाका नुकतेच परतले होते.

"कोरी आहे म्हणून सांगितलं ना तुम्हाला? चाळे कसले लावलेत?" ते गरजले.

"हरिश्चंद्रा, गप्प बैस," आबा म्हणाले. चार महिन्यांत प्रथमच त्यांचा आवाज चढला होता.

आईने हेडफोन कानांवर ठेवला. तिचे ओठ हलत राहिले. ऐकून झाल्यावर तिने पदराने तोंड पुसले आणि एकच विचारले:

"सुरुवातीला काय म्हणाले होते?"

सुरुवातीला गाणे होते. मालनला हाक मारली असेल तर ती त्या गाण्याखाली गेली होती, आणि ती आता पृथ्वीच्या पाठीवर कुठेच नव्हती. हरिकाका उठले, मागील दारी गेले, आणि माडाला हात टेकून उभे राहिले. बाबू त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिला.

मग आबांनी ऐकले. ऐकता ऐकता ते ताठ बसले. "यात दुसरा कुणी आहे!"

मालनने होकार दिला. बाबांचे बोलणे संपताना ते म्हणत होते, "आता या रघूला बोलू दे. नाटे गावचा आहे, धाकू तांडेलांचा नातू. याच्या घरी पाठवायला याच्याकडे काही नाही." आणि पुढे एका तरुण मुलाचा लाजरा आवाज होता. तो मुलगाही त्याच बोटीवर होता. तोही परतला नव्हता.

आबांनी हेडफोन उतरवून मांडीवर ठेवला.

"पोरांनो, ऐका. माझे वडील ज्या पडावाबरोबर बुडाले, त्यावरचा एकच माणूस वाचला होता: धाकू तांडेल. तेव्हा गाडी नव्हती, रस्ता नव्हता. तो नाट्याहून खाड्या ओलांडत पायी इथे आला, या उंबऱ्यावर बसला, आणि बुडताना वडील जे बोलले ते त्याने माझ्या आईला शब्दन् शब्द सांगितलं. पाणीसुद्धा सांगून झाल्यावर प्याला. आई जन्मभर म्हणायची, त्या घराचं देणं आपल्यावर आहे. शब्दाचं देणं शब्दानेच फिटतं. मला ते फेडण्याची वेळ कधी आली नाही." ते उठले. "उद्या सकाळच्या एस.टी.ने नाट्याला जायचं. मालन, मशीन तू घे. ती तुलाच कळते."

दुसऱ्या दिवशी आबा, हरिकाका आणि तिन्ही मुले नाट्याला पोचली. रघूचे घर कौलारू, बुटके होते. अंगणात सुकट पसरलेली होती. रघूची आई सोनूबाई कावळे हाकत बसल्या होत्या. आबांनी आपण कोण ते सांगितले. सोनूबाईंनी मान डोलावली. परक्यांसमोर रडण्याइतके पाणीही त्यांच्या डोळ्यांत उरलेले दिसत नव्हते.

"काकी, हे कानांवर ठेवायचं," मालन म्हणाली. तिने हेडफोन हलक्या हाताने त्यांच्या केसांवर बसवला, डावी गादी नीट कानावर आणली आणि बटण दाबले.

"आये, मी रघू. शिवादादाच्या मशिनीत बोलतोय, हसू नको. तू दिलेली सुकट सगळ्यांनी वाटून खाल्ली. इकडे थंडी फार. तू वेळेवर जेवत जा. आणि माझी वाट बघत दारात बसू नको गो, वारा असतो..."

भोवती उभ्या असलेल्यांना यातले काहीच ऐकू येत नव्हते. त्यांना ऐकू आल्या त्या फक्त सोनूबाई. कान झाकलेले माणूस मोठ्याने बोलते, तशा त्या मोठ्याने बोलल्या:

"जेवतंय रे बाबा! तू जेवलास काय?"

जनीने तोंड फिरवले. हरिकाकांनी खाली बसून डोके गुडघ्यांत घातले.

सोनूबाईंनी तीनदा ऐकले. मग त्यांनी हेडफोन उतरवला, त्यावरून हात फिरवला आणि तो मालनपुढे धरला. "घे गो बाय. तुझ्या बापसाची वस्तू."

मालनने वॉकमनकडे पाहिले. त्याच्या कडेला बाबांच्या हाताने रंग उडाला होता. घरी कॅसेटची नक्कल होती. ती महिपतशेटच्या दुकानात जाऊन ऐकता आली असती. पण या यंत्राला बाबांनी हात लावला होता, आणि असे दुसरे काही तिच्याजवळ नव्हते.

"काकी, हे इथेच राहू दे," ती म्हणाली. तिने वॉकमन त्यांच्या ओंजळीत ठेवला. "हे हिरवं बटण लावायचं. हे मागे न्यायचं. रोज ऐका."

आबांनी तिला असे करायला सांगितले नव्हते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुढे होऊन धाकू तांडेलांच्या उंबऱ्याला हात लावला आणि तो कपाळी नेला. मग तोच हात त्यांनी मालनच्या डोक्यावर ठेवला.

"माझ्या आईला जे जमलं नाही, मला जमलं नाही, ते तुम्ही पोरांनी केलंत," ते म्हणाले. "मालन, रावजी तांडेलांच्या घरावरचं देणं आज फिटलं. काही बाकी उरलं नाही."