झाकल्या पोत्यातलं वाक्य

"कॉपी कोणी केली, एवढं शोधून द्या, देवराव. आज हेडमास्तरांना नाव द्यायचंय. ज्याचं नाव गेलं त्याची शाळा सुटली."

इंग्रजीच्या किसनरावांचा जीव टांगणीला लागला होता. साल एकोणीसशे साठ. तेव्हा दारव्ह्यात छोट्या आगगाडीच्या शिट्टीवर घड्याळं लावत, आणि किसनराव दर शनिवारी एक अनवट इंग्रजी वाक्प्रचार शिकवत. फार गोड दिवस होते ते.

त्या शनिवारी होता 'पिग इन अ पोक', म्हणजे न पाहता घेतलेला, झाकल्या पोत्यातला माल. स्वतःचं वाक्य लिहायचं होतं. दोन कागदांवर शब्दन् शब्द तेच आलं: माझे वडील 'पिग इन अ पोक' घेत नाहीत, ते आधी बैलाचे दात पाहतात.

एक कागद बंजारा तांड्यावरच्या लालसिंगच्या जमनीचा. दुसरा अडत्याच्या प्रल्हादचा, तो वर्गनायक.

"कोण कुठं बसलं होतं?" यवतमाळहून आलेल्या देवरावांनी विचारलं. अशा खासगी भानगडींचा छडा लावण्यात त्यांचा हातखंडा होता.

"जमनी प्रल्हादच्या मागं. म्हणून तर संशय."

"कागद गोळा कोणी केले?"

"प्रल्हादनं. माझ्या खोलीत आणून दिले."

आधी प्रल्हाद आला.

"दात पाहून काय कळतं रे?"

"वय, काका. बाबा वरचे समोरचे दात पाहतात. झिजले की बैल म्हातारा."

मग जमनी. तिलाही तोच प्रश्न.

"बापू खालचा ओठ ओढून पाह्यते," ती म्हणाली आणि अडखळली. "मले काहून इचारून राह्यले? म्या चोरी नाई केली."

ती बाहेर जाताच किसनराव पुटपुटले, "पोरगी घाबरली. संपलं."

"किसनराव, बैलाचं तोंड कधी उघडून पाहिलंत?"

"मी कायले पाहू?"

"बैलाला वर समोरचे दात नसतातच. नुसती टणक हिरडी. वय कळतं ते खालच्या दातांवरून. वाक्य ज्याच्या घरचं, त्याला हे सांगावं लागत नाही. जमनीला प्रल्हादचा कागद दिसत असेल, कबूल. पण वर्गातून खोलीपर्यंत सगळेच कागद प्रल्हादच्या हाती होते. त्याच्या कागदावर वाक्याची जागा कोरी असणार, जमनीची भरलेली. वाटेत उतरवून घेतलं."

प्रल्हादला पुन्हा बोलावलं. त्यानं मान खाली घातली. "काही सुचलंच नाही, सर."

किसनरावांना हायसं वाटलं, आणि लगेच लाजही वाटली. त्यांनी जमनीला आत घेतलं.

"तुझी शाळा सुटत नाही, पोरी."

तिनं डोळे पुसले. "सर, तुमाले बी मीच चोर वाटली न?"

किसनरावांनी खूप शब्द शोधले. त्यांना इतकी इंग्रजी येत होती, इतकी मराठी येत होती.

"हो," ते म्हणाले.