दोन शिफ्टची गादी

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. दिपाली माझी धाकटी बहीण, आणि हे घडलं तिच्या नवऱ्यासोबत, म्हणजे आमच्या नवनाथदाजींसोबत. दाजी भुताखेतांना मानणारे नाहीत. देवालाही ते बेतानंच मानतात.

तारीख सांगतो. गेल्या डिसेंबरातली अकरा, गुरुवार. जागा, चाकणजवळचं महाळुंगे. वेळ सकाळी साडेआठची.

हो, सकाळची. भुतं रात्रीच निघतात असं ज्यानं ठरवलं, त्यानं थर्ड शिफ्ट कधी केली नसावी.

दाजी कळंबकडचे. कंपनीत रात्रपाळीला होते आणि अर्जुनराव नावाच्या तिथल्याच एका गाववाल्याच्या तीन मजली इमारतीत राहायचे. 'कॉट बेसिस'वर. म्हणजे खोलीत एकच पलंग, पण माणसं दोन. रात्री त्यावर कामरान झोपायचा, तो चाकणच्या एका गॅरेजात मेकॅनिक. सकाळी तो कामावर गेला की दाजी येऊन त्याच पलंगावर पडायचे.

गादी गरमच असायची. मधे माणसाएवढा खळगा.

कामरान आत्ताच उठून गेला असणार, असं म्हणून दाजी त्याच उबेत अंग टाकायचे. पाच महिने हे चाललं होतं. मला ऐकूनच कसंतरी झालं, पण तिकडं अर्धी माणसं अशीच झोपतात.

आणि आता रविवारी दिपाली येणार होती, चार महिन्यांच्या स्वरूपाला घेऊन. अर्जुनरावांनी त्याच मजल्यावरची कोपऱ्यातली खोली द्यायचं कबूल केलं होतं, पलंग-गादीसकट. लेक झाल्यापासून दाजींनी तिला फक्त दोनदा पाहिलं होतं. ते दिवस मोजत होते.

त्या गुरुवारी ते शिफ्टवरून आले. खोलीला कुलूप होतं, आदल्या रात्री त्यांनी स्वतः लावलेलं. आत येऊन बूट काढायला पलंगावर बसले आणि हात गादीवर टेकला...

गरम.

कामरान बुधवारी संध्याकाळीच नांदेडला गेला होता. त्याच्या बहिणीचा, साबियाचा निकाह होता.

रात्रभर पलंगावर कुणीच नव्हतं.

दाजींनी खिडकीकडे पाहिलं. तिकडून ऊन दुपारी तीनशिवाय येत नाही. जाऊ दे, म्हणाले, डोकं शिणलंय. आणि आडवे झाले.

गुरुवार म्हणजे एमआयडीसीत बहुतेक कारखान्यांना सुट्टी, दुरुस्तीसाठी लाईट बंद. पंखा नाही, शेजारच्या वर्कशॉपचे प्रेस नाहीत. इतकी शांतता त्या खोलीत एरवी नसते. दाजी कुशीवर वळले. कान गादीला लागला.

आणि मग...

श्वास.

लांब ओढलेला. मधेच अडकलेला. थोडा वेळ काहीच नाही... आणि पुन्हा तसाच, ओढून ओढून घेतलेला.

तो श्वास कानाखालून येत होता.

दाजी उडी मारून भिंतीला टेकले. आता वासही आला. सॅनिटायझरचा, आणि त्याच्या आडून काहीतरी गोडसर, सडलेलं. त्यांनी कामरानला फोन लावला.

"भावा, सकाळी तू किती वाजता उठतोस?"

"सहाला. साडेसहाला गॅरेज उघडतो मी. का रे?"

सहा ते साडेआठ. अडीच तासांत तवासुद्धा थंड होतो.

"मी यायच्या टायमाला गादी गरम असते," दाजी म्हणाले.

 कामरानच्या मागे लग्नघराचा गलका चालू होता. मग तो हळू आवाजात म्हणाला, "मी रात्री येतो तेव्हा पण असते. मला वाटायचं, तू कामाला निघेपर्यंत लोळत पडतोस."

दाजी रोज चारला उठायचे. कामरान यायचा नऊला.

दोघांनाही पाच महिने वाटत होतं की ती ऊब दुसऱ्याची आहे.

दाजींनी ब्लेड घेतलं आणि गादीची फुलाफुलांची खोळ कडेनं उसवली. आत निळं रेक्झिन निघालं. कोपऱ्यात मार्करनं लिहिलेलं: 'बेड २७, महिला'. बाजूला पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा, आणि त्याच्या डिंकात अडकलेले लांब पिकले केस. मधोमध वाळून तपकिरी झालेला डाग. डोकं, पाठ, कंबर... सगळं ओळखू येत होतं.

याच जागेवर तोंड उघडं टाकून ते पाच महिने झोपले होते. उशीवरून लाळ याच डागावर गळत होती.

ते मोरीत गेले.  अंगाला साबण लावून लावून कातडी लाल झाली, तरी त्यांना स्वच्छ वाटेना.

अर्जुनराव खाली खुर्ची टाकून बसले होते. मागे भिंतीवर त्यांचाच फ्लेक्स, 'कोविड योद्धा', उन्हानं चेहरा निळा पडलेला. एकवीस साली त्यांच्या मंगल कार्यालयात कोविड सेंटर होतं. गाद्या तिथल्याच.

"जाळायला सांगितल्या असतील ना या?" दाजी म्हणाले.

"चांगल्या गाद्या जाळायच्या व्हय? औषिध मारलं, आठ दिस उन्हात टाकल्या, खोळी शिवल्या. आज चार-साडेचार वर्सं झाली, कुणाची तक्रार न्हाई."

"सत्तावीस नंबरला कोण होतं?"

"आता ते कुणाला ठावं? तवा कोण कुणाला वळखत व्हतं?"

"बाई गेली का हिच्यावर?"

"लई जण गेले," अर्जुनराव म्हणाले आणि तंबाखू मळू लागले. मग जरा मायेनं बोलले. "तू नको इचार करू. तुझ्या पोरीला आमी याच्यापरीस मऊ गादी काढून देतो."

 एकवीस सालचे ते दोन महिने आठवून बघा. पोटच्या पोरांनी आईला हात लावला नाही. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कोण आहे, तेही लांबूनच बघितलं. तिच्या अंगाला कुणी शिवलं नाही, आणि तिच्या अंगाखालची गादी मात्र आपण ठेवून घेतली! भीती गेली, किळस गेली, नावंही गेली. नाक दाबून पुढं जायची सवय तेवढी राहिली.

दाजींनी मजल्यावरच्या लोकांना खोलीत बोलावलं, डाग दाखवला. लोक बघून गेले. एकानं आपल्या खोलीत जाऊन गादी हुंगली, उलटी केली आणि पुन्हा चादर पसरली. त्याची दुपारची शिफ्ट होती.

कामरानची मावशी, बेगमखाला, चऱ्होलीला राहते. तिनं शनिवारी आपली मागची खोली रिकामी करून दिली. रविवारी दिपाली आली. फरशी फिनेलनं तीनदा पुसून, गावाकडनं आणलेल्या गोधडीवर तिघं झोपले. गोधडी थंडगार होती. दिपाली सांगते, त्या थंड गोधडीला हात लावून दाजी रडले.

कामरानही परत आल्यावर दुसरीकडं गेला. इथं हे थांबायला हवं होतं.

पण महिन्याभरानं कंपनीच्या कॅन्टीनमध्ये दाजींना कळलं की त्यांच्या जागी सोनबा राहतो. जालन्याकडचा, त्यांच्याच लाईनवरचा. दाजींच्या जिवाला चैन पडेना. ते त्याच्यासमोर जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. बेड सत्तावीस, केस, डाग, श्वास.

सोनबा चहात पाव बुडवून खात होता. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"माहितीये, भाऊ," तो म्हणाला.

"माहितीये?"

"पहिल्याच दिवशी कळलं. पण थंडी बघा की किती पडलीये. गादी आधीच गरम मिळती." त्यानं पाव तोंडात टाकला. "तरास काहीच न्हाई. मी आडवा झालो की... ती जरा सरकती. जागा करून देती."

दाजी उठले आणि बाहेर जाऊन ओकले.

हे मला दाजींनीच सांगितलं. तेव्हापासून मी कुठंही गेलो तरी बसायच्या आधी गादीवर हात ठेवून बघतो.

परवा रावेतला चुलतभावाच्या नव्या फ्लॅटवर गेलो होतो. जेवण झालं. वहिनी म्हणाल्या, पाहुण्यांची खोली उघडून देते, पडा जरा. दिवाळीपासून बंदच आहे म्हणे. त्यांनी कुलूप काढलं, पडदा सारला.

मी सवयीनं हात टेकला...

वहिनी दारात उभ्या होत्या, हसऱ्या चेहऱ्यानं. "काही हवंय का भाऊजी?"

मी नाही म्हणालो. चादर सारखी केली आणि भिंतीकडं थोडी जागा सोडून पडलो.